भुताला घाई नसते

माझ्या आईच्या पावलांना काल संध्याकाळपर्यंत चार हजार एकशे माणसं घाबरली होती. आकडा माझ्या मनचा नाही. तेवढ्या जणांनी त्या व्हिडिओखाली घाबरलेला चेहरा डकवला आहे.

कुणा हौशी माणसाने माळ्यावरच्या जुन्या कॅसेटा उकरून काढल्या आणि त्यात त्याला आमच्या लहानपणी दर शनिवारी संध्याकाळी लागणाऱ्या भुताच्या मालिकेचा एक भाग सापडला. एका भागात दोन गोष्टी असायच्या. पहिली संपली की जाहिराती, आणि पाणीबिणी पिऊन धीर गोळा केला की दुसरी. त्या माणसाने तो भाग सगळ्यांना बघायला टाकला. माझ्या दादाने मला तो पाठवला, तेव्हा सोबत एकच शब्द लिहिला होता, "आई".

माझं औषधांचं दुकान आहे. दुपारी दीड ते तीन तिथे कुणी फिरकत नाही. काउंटरमागच्या स्टुलावर बसून, कानात इयरफोनची बोंडं घालून मी सगळा भाग पाहिला आणि मग खालच्या प्रतिक्रिया वाचत बसले. "पहिली गोष्ट ठीकठाक, पण दुसरीतली ती पावलं! चाळीस वर्षं झाली, अजून जिना चढताना मागे वळून बघतो." "आजोळी पाहिला होता. चार दिवस मावशीचा पदर सोडला नव्हता." "हल्लीच्या लोकांना दाखवा, रक्ताचा एक थेंब न सांडता कसं घाबरवतात ते." एक शहाणा होताच, तो सगळीकडे असतो. त्याने विचारलं होतं, "यात घाबरण्यासारखं काय आहे?" त्याला अकरा जणांनी धुऊन काढलं होतं. बारावी मी.

आई जाऊन चार वर्षं झाली. तिचे फोटो आहेत, अगदी ढीगभर. पण आवाज नाही. आयुष्यभर आवाजाचा धंदा केलेल्या माणसाच्या घरात बायकोचा आवाज कुठे साठवलेला नाही, याला दिव्याखाली अंधार म्हणतात. आप्पा रेकॉर्डिंगचं यंत्र घरी आणायचे तेव्हा ती तोंडाला कुलूप घालायची. "दिवसभर तिकडे आवाजच करता ना? घरात तरी जरा गप्प बसा," एवढंच एकदा म्हणाली, तेही यंत्र बंद असताना. आणि मी विसरायला लागले होते. चेहरा नाही, चेहरा कुठे जातो? तिचं घरात असणं कसं ऐकू यायचं, ते विसरायला लागले होते आणि त्याची मला भीती वाटत होती. त्या भीतीपुढे कुठलंही भूत चिल्लर आहे.

म्हणून त्या दिवशी मी तीनलाच दुकान बंद केलं. घरी आले आणि आप्पांच्या पुढ्यात फोन ठेवला. म्हटलं, "आप्पा, यातलं संगीत काढून टाका, त्या नटाचं बोलणं काढून टाका. मला फक्त आईची पावलं द्या."

आप्पांनी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बघू," म्हणाले. आमच्या घरात "बघू" म्हणजे नाही. पण मी ऐकणारी थोडीच होते!

आप्पांचं काम आधी सांगायला हवं. ते टेलिव्हिजनच्या स्टुडिओत आवाज तयार करायचे. पडद्यावर नट दार ढकलतो, त्या दाराची करकर आप्पांची. नायिका पावसात उभी आहे, तो पाऊस आप्पांचा, चाळणीत तांदूळ फिरवून केलेला. विजेला पत्रा, आगीला चुरगळलेला कागद, हाड मोडायला गाजर. आई बाजारातून अर्धा किलो गाजरं आणायची आणि दुसऱ्या दिवशी शोधत बसायची. "अहो, भाजीची गाजरं कुठे गेली?" आप्पा म्हणायचे, "दोन खून झाले काल." ती कपाळाला हात लावायची. त्यांची एक खोली होती, कपाटाएवढी. जमिनीवर लाकडी चौकटी मांडलेल्या. एकीत वाळू, एकीत खडी, एकीत सुकी पानं, एकीवर नुसती फळी. तिथे आप्पा कधी पुरुषाचे बूट घालून चालायचे, कधी बाईच्या टाचा घालून. मी लहानपणी एकदा ते पाहिलं आणि शाळेत सांगितलं, त्यावर बाईंनी आईला बोलावून घेतलं होतं.

आणि आईची चाल. लहानपणीच्या तापात तिचा डावा पाय थोडा आखूड राहिला होता. ठप्प, सर्र. ठप्प, सर्र. उजवा पडायचा, डावा घासत यायचा. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची हा प्रश्न आमच्या घरी देवानेच सोडवून टाकला होता. दादा आणि मी बिनधास्त डबे उघडायचो. ठप्प आलं की झाकण बंद, आणि सर्रपर्यंत दोघं पुस्तकात. तिला हे ठाऊक होतं. कधीकधी ती मुद्दाम दाराबाहेर जागच्या जागी दोनदा पाय आपटायची, आम्हाला आवरायला वेळ मिळावा म्हणून. हे मला ती गेल्यावर दादाने सांगितलं.

खरं ते सांगते. मला त्या चालीची लाज वाटायची. शाळेच्या स्नेहसंमेलनाला मी तिला म्हटलं होतं, "तू नाही आलीस तरी चालेल." ती आली नाही. का, ते तिने विचारलंही नाही.

तो भाग लागला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. मजल्यावर टीव्ही आमच्याकडेच, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी आमची बैठकीची खोली म्हणजे थिएटर. शेजारच्या काकू, त्यांच्या तीन मुली, वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर, त्यांची सून. हेडमास्तर दर वेळी "मी फक्त बातम्यांसाठी थांबलो होतो" असं म्हणत खुर्ची पुढे ओढायचे.

पहिली गोष्ट एका शिंप्याची. त्याच्याकडे रोज एक गिऱ्हाईक माप द्यायला येतं, आणि रोज त्याचं माप बोटभर कमी भरतं. शेवटच्या दिवशी दार उघडतं, आत कुणीच येत नाही, पण भिंतीवरचा कोट आपली बटणं आपणच लावून घेतो. काकूंच्या मधल्या मुलीची बोबडी वळली. हेडमास्तर म्हणाले, "कापड आटतं, माणूस कसा आटेल? काहीतरीच!" पण त्यांनी स्वतःच्या सदऱ्याची बाही दोनदा ताणून पाहिली, ती मी पाहिली.

दुसऱ्या गोष्टीत एक माणूस घराचा खालचा मजला भाड्याने घेतो. वरचा मजला रिकामा. दिवेलागणीला वर कुणीतरी चालतं. भूत दाखवायचं ठरलं होतं, पण ऐन चित्रीकरणाच्या दिवशी मेकअपवाला आजारी पडला, त्यामुळे सगळं भूत आप्पांच्या गळ्यात पडलं. पडद्यावर नुसतं छत दिसत होतं आणि छतावर आवाज.

ठप्प, सर्र. ठप्प, सर्र.

खोलीत कुणी श्वास घेत नव्हतं. मी आणि दादाने मात्र एकमेकांकडे पाहिलं. आई बसून टीव्ही बघायची नाही, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायची. मी वळले तेव्हा ती पडद्याकडे बघत नव्हती, आप्पांकडे बघत होती. आप्पा चष्मा पुसत होते.

ती वळली आणि स्वयंपाकघराकडे निघाली. आता पडद्यावर शांतता होती, तो माणूस जिन्याखाली कान देऊन उभा होता, आणि आमच्या सगळ्यांच्या पाठीमागून आवाज आला, ठप्प, सर्र, ठप्प, सर्र.

अशी किंकाळी मी पुन्हा कधी ऐकली नाही. काकू सोफ्यावर चढल्या. हेडमास्तरांनी चहाचा कप स्वतःच्याच मांडीवर उपडा केला. तिघी मुली एकमेकींच्या अंगावर. दादा हसून हसून जमिनीवर लोळला आणि मीही हसले. मग आई परत दारात आली, हातात फडकं होतं, चहा पुसायला आणलेलं. सगळे तिच्या पायांकडे बघत होते. ती तिथेच थांबली. पुढे चालली नाही. फडकं तिने माझ्या हातात दिलं.

लोक गेल्यावर ती आप्पांना म्हणाली, "पंधरा वर्षं संसार केला तुमचा. शेवटी मला भूत केलंत."

"अगं, ऐक तर जरा..."

"ऐकलं की. सगळ्या देशाने ऐकलं."

आठ दिवस अबोला. "यांना वाढ", "यांना विचार, डबा हवा का", असा सगळा व्यवहार माझ्यामार्फत. आप्पा तिच्या मागे मागे फिरायचे, तोंड उघडायचे, आणि ती नळ सोडायची.

नवव्या दिवशी आप्पा पत्रं घेऊन आले. त्या भागाला एवढी पत्रं आली होती की स्टुडिओच्या शिपायाने ती पोत्यात भरून ठेवली होती. त्यातली पावलांबद्दलची तेवढी आप्पांनी वेचून आणली आणि न बोलता टेबलावर ठेवली. आईने दुपारभर त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. संध्याकाळी एक उघडलं. कुणा सुनेने लिहिलं होतं, "तीन दिवस झाले, सासूबाई एकट्या माडीवर जात नाहीत. दिवसातून वीस वेळा मला वर पिटाळायच्या, आता स्वतःही जात नाहीत आणि मलाही जाऊ देत नाहीत. ज्यांची कुणाची ती पावलं असतील त्यांचे पाय धरावेसे वाटतात."

आई हसली. आधी नुसती नाकातून, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "पाय धरते म्हणे माझे! कुठला धरणार, विचारा तिला, डावा की उजवा?" आठ दिवसांनी आप्पांशी ती बोललेली पहिली वाक्यं ही.

आणि त्या दिवसापासून माझी आई बदलली. याआधी ती बाहेर हळू चालायची, भिंतीच्या कडेने, सर्र ऐकू येऊ नये म्हणून डावा पाय उचलून उचलून टाकायची. आता बाजारात रस्त्याच्या मधून चालायला लागली. मुलं मागे लागायची, "काकू, एकदा चालून दाखवा ना!" ती डोळे वटारून दोन पावलं टाकायची आणि मुलं किंचाळत पळायची, परत यायची. "टीव्हीवर आलेय मी," असं ती भाजीवालीला सांगायची, "पण दिसले नाही." पुढच्या वर्षी स्नेहसंमेलनाला न विचारता आली. खुर्च्यांच्या रांगेमधून थेट पुढे गेली आणि माझ्या वर्गातल्या मुली ओळखून कुजबुजल्या, "तीच ती!" माझी मान तेव्हा ताठ झाली. मला माफी मागायला हवी होती, मी मागितली नाही. मान ताठ करण्यावरच भागवलं.

तर ही ती पावलं. ती मला हवी होती. दादाला त्याच्या फोनमध्ये हवी होती, मला माझ्या.

आप्पा आता ब्याऐंशीचे. कानांत यंत्रं आहेत, पण बारीक आवाज गेलेच. चिमण्या गेल्या, नळाचं ठिबकणं गेलं. तरी मला वाटलं, हात तर आहेत, अक्कल तर आहे. दादाने आवाज वेगळे करायचं सगळं सामान संगणकावर घालून दिलं. आप्पा तीन दिवस त्याच्यासमोर बसले. मी दुकानातून आले की विचारायची, "झालं?" ते म्हणायचे, "संगीत फार चिकटलंय." चौथ्या दिवशी माझं टाळकं फिरलं. "आप्पा, तुमच्याच बायकोची पावलं आहेत. चार पावलं काढायला चार दिवस?"

त्यांनी संगणक बंद केला. "बस," म्हणाले.

मी उभीच राहिले.

"तुला जे हवंय ते त्यात नाही. ती पावलं माझी आहेत."

मला वाटलं, हेही कानासारखंच, डोकंही चाललं. पण ते नीट बोलत होते, जेवताना मीठ मागावं तसे.

"आधी तिचीच घेतली होती. टेबलाखाली यंत्र ठेवलं, तिला पत्ता लागू न देता. पाच मिनिटं. स्टुडिओत वाजवली. दिग्दर्शक म्हणाला, हे काय, कोणीतरी चहा घेऊन येतंय असं वाटतंय. घाबरायला होत नाही, तरतरी येते. आणि खरंच गं. मी दहादा ऐकली. दिवे घालवून ऐकली. तिचं पाऊल आलं की बरंच वाटायचं. त्याला मी तरी काय करू?"

"मग?"

"मग मीच चाललो. अकरा दिवस घरात तिच्या मागे मागे होतो. ती म्हणायची, भूक लागली का, सारखे स्वयंपाकघरात काय येता? उजव्याचं वजन टाचेवर कसं येतं, डावा कधी सुटतो, सगळं बघितलं. तिची चाल जशीच्या तशी उचलली. फक्त सर्र लांबवला. तिचा सर्र आखूड. तिला कायम घाई. भुताला घाई नसते."

दुकानात स्टुलावर बसून ऐकताना मला ते जाणवलं होतं. आई जरा सावकाश चालतेय असं वाटलं होतं. मी दोष जुन्या कॅसेटला दिला होता.

"आणि तिची ती पाच मिनिटं?" मी विचारलं.

आप्पांनी टेबलावरची धूळ हाताने पुसली, नसलेली. "टेपा मोजक्या मिळायच्या. काम झालं की त्याच टेपवर पुढचं घ्यायचं, पद्धतच होती. तिच्यावर मी शिंप्याची कात्री घेतली." मग म्हणाले, "घरात रोज ऐकू येत होतं. ते जपून ठेवायचं असतं, हे डोक्यातच आलं नाही."

"तिला का नाही सांगितलं? जन्मभर तिला वाटत राहिलं की ते तिचं आहे!"

"आठ दिवस सांगायला बघत होतो. तू बघितलंयस, ती नळ सोडायची. नवव्या दिवशी हसली. मग तोंड उघडायला मी काय वेडा होतो?"

मी स्वयंपाकघरात गेले आणि भांडी घासली. घासलेली भांडीच परत घासली. मला आप्पांचा भयंकर राग आला होता. त्या कात्रीचा आला होता. चार हजार एकशे लोकांचाही आला होता, जे आप्पांना घाबरले आणि माझ्या आईचा त्यात काही संबंधच नव्हता. मी रडले, मोठ्याने. आप्पांना ऐकू जाणार नाही हे ठाऊक होतं, त्यामुळे हवं तसं रडता आलं.

बाहेर आले तेव्हा ते तसेच बसले होते. मी समोरची खुर्ची ओढली. "चालून दाखवा," म्हटलं. "भुतासारखं नाही. तिच्यासारखं."

"गुडघा बघ माझा. आता मी लंगडलो तर ते माझंच लंगडणं." मग त्यांनी टेबलाकडे पाहिलं. ते सरळ केलं. वरचा कागद, औषधाची पट्टी, चष्मा, सगळं बाजूला सारलं. लाकडावर बोटाची पेरं वाजवून पाहिली, एका जागी थांबले. "डोळे मीट."

मी मिटले.

तळहाताची टाच पडली, आणि दुसऱ्या हाताची बोटं तिच्यामागून घासत आली. ठप्प, सर्र. ठप्प, सर्र. लांब नाही. आखूड, भराभर, गॅसवर काहीतरी ठेवून आलेल्या बाईचं. आधी लांबून, अगदी हलकं, मग जवळ. मधे एकदा थांबलं, जसं ती वाटेत पडलेली चप्पल पायाने बाजूला करायला थांबायची, आणि पुन्हा निघालं. माझे हात आपोआप मांडीखाली गेले, काहीतरी लपवायला. मी बावन्न वर्षांची आहे.

आवाज थांबला.

"आली का?" आप्पांनी विचारलं. "मला माझं ऐकू येत नाही गं. हाताच्या सवयीवर करतोय. बरोबर आली का?"

"थांबू नका," मी म्हटलं. "अजून दारातच आहे ती."

आप्पांनी हात पुन्हा टेबलावर ठेवले आणि तिला आत आणलं, माझ्या खुर्चीपर्यंत.